२०२४ मध्ये तुम्ही सर्वात जास्त ऐकलेले, आवडलेले अल्बम कोणते? नवीन काय ऐकावं?

भारतीय संगीत आणि जॅझ यांचं फ्यूजन करणाऱ्या ‘शक्ती’ या बँडचा ‘धिस मोमेंट’. त्याच्या खालोखाल झाकीरभाई (शक्तीतलेच तबलावादक झाकीर हुसेन), राकेश चौरसिया (बासरी), बेला फ्लेक (बँजो) आणि एडगर मायर (डबल बेस) यांचा ‘ॲज वुई स्पीक’. तिसरी कुमारजींची, म्हणजे कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं.

खरं तर इथेच थांबायला हवं, पण ‘फ्यूजन ऐकून हात बिघडतो का’ असंही तुम्ही प्रश्नाखाली विचारलंय आणि ते वाचून मला राहवलं नाही. हे वाक्य मी सोळाव्या वर्षापासून ऐकतोय.

मी तेव्हा अकरावीत होतो. मिरजेला सरांकडे तबला शिकायला एसटीनं जायचो. २००१ साली शक्तीवाल्यांचा ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ आला. आदल्या वर्षी मुंबईत झालेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग. मित्राच्या भावाकडे सीडी होती, त्याच्याकडून टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतली. त्यात ‘गिरिराज सुधा’ आहे, यू. श्रीनिवास यांच्या मँडोलिनचं. झाकीरभाई तबल्यातून त्याच्याशी असे बोलतात की मी एसटीत मांडीवर बोटं बडवत बसायचो आणि शेजारचा माणूस सरकून बसायचा. एक दिवस सरांनी क्लासच्या दारातच वॉकमन पाहिला. एक इअरफोन स्वतःच्या कानाला लावला, मिनिटभर ऐकलं, कॅसेट काढली आणि हातोडी-पावडरच्या खणात टाकली. म्हणाले, “ही भेळ आहे. आधी जेवायला शीक.” त्यानंतर महिनाभर मला विलंबित, म्हणजे संथ तीनतालाच्या साध्या ठेक्याशिवाय काही वाजवू दिलं नाही. माझ्या मागून आलेली पोरं कायद्याचे (तबल्याच्या बोलांच्या बांधीव रचनेचे) पलटे वाजवायची आणि मी कोपऱ्यात धा धिं धिं धा. कॅसेट परत मिळाली नाही. मागायची हिंमतही झाली नाही.

आता २०२४. फेब्रुवारीत ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंना त्या एका रात्रीत तीन मिळाली. १९७७ च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर शक्तीचा स्टुडिओत केलेला हा पहिलाच अल्बम. तो आला २०२३ मध्ये, मधे ४६ वर्षं. तोही बराचसा आपापल्या देशात बसून वाजवलेला, रेकॉर्डिंग एकमेकांना पाठवत. एरवी असल्या जोडकामात लय कोरडी होते. इथे होत नाही. शंकर महादेवन ताना घेतात आणि सेल्वागणेश यांचा खंजिरा (छोटं डफासारखं वाद्य) असा बरोबर खाली उतरतो की सगळे एका सतरंजीवर बसलेत असं वाटावं.

डिसेंबरच्या १५ तारखेला, रविवारी रात्री, झाकीरभाई गेल्याची बातमी आली. मग खोटी आहे म्हणून आली. सोमवारी सकाळी खरी ठरली. आता मी तबल्याचा क्लास घेतो, त्याला सुट्टी दिली आणि मिळेल त्या गाडीनं मिरज गाठली. दुसऱ्या कुणाकडे जावंसं वाटेना.

सर आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. संधिवातानं बोटं वाकलीत, तीन-चार वर्षांत तबल्याला हात नाही. काही बोलले नाहीत. मी फोन काढला आणि ‘धिस मोमेंट’ लावला. आवाज बारीक येत होता म्हणून काकूंनी पितळी पातेलं आणून दिलं, त्यात फोन ठेवला. पातेल्यात चाटी (तबल्याच्या काठाचा आवाज) खणखणत होती, डग्गा (डाव्या हाताचा, खर्जाचा) मात्र ऐकूच येत नव्हता. सर डोळे मिटून बसलेले आणि त्यांचा डावा तळहात चादरीवर घासत होता. जो डग्गा येत नव्हता तो ते हातानं भरून काढत होते.

‘गिरिराज सुधा’ सुरू झालं. सरांनी डोळे उघडले. “हे मँडोलिनवर होतं ना? तो पोरगाही गेला.”

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. “सर, तुम्ही कॅसेट ऐकलीत?”

“टेप चिकटेपर्यंत ऐकली.”

मला आनंद झाला नाही. राग आला आणि त्या दिवशी तो बोलून दाखवता आला नाही, म्हणून इथे लिहितो. सर, ती कॅसेट आपण दोघांनी मिळून ऐकायला हवी होती. झाकीरभाई कुठे हात मोकळा सोडतात आणि कुठे आवरतात, हे तुम्ही मला त्या सोळाव्या वर्षी दाखवू शकला असतात. मी ते तिशीत चाचपडत शिकलो. शिकणाऱ्या पोरावर ऐकण्याची बंदी घालू नये. ऐकून हात बिघडत नाही. ऐकणं चोरून करावं लागलं की ते अर्धवट होतं, आणि अर्धवट ऐकलेलं पोर हातातून काढायला जातं तेव्हा हात बिघडतो. माझ्या क्लासमध्ये शनिवारी शेवटचा अर्धा तास पोरांनी आणलेलं गाणं वाजतं. मागे एकीनं ‘गुलाबी साडी’ आणली होती, तर त्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडते ते शोधत बसलो. कुणाचं काही बिघडलं नाही.

ठेक्याचं मात्र सरांचं खरं होतं, हे कबूल करतो. २०२४ हे कुमारजींचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून त्यांची निर्गुणी भजनं पुन्हा काढली. वसंतराव आचरेकरांच्या तबल्याच्या साथीची मिळाली तर तीच ऐका. ‘उड जाएगा’ म्हणून कुमारजी स्वर मोकळा सोडतात, त्या रिकाम्या जागेत एक तुकडा घालायला कुणाही तबलजीचा हात शिवशिवेल. आचरेकर ती जागा मोकळी ठेवतात. हे मला ऐकू येतं ते त्या महिनाभराच्या धा धिं धिं धा मुळे.

‘ॲज वुई स्पीक’बद्दल एवढंच, की बासरी आणि बँजो एकत्र हे वाचून नाक मुरडू नका. ‘पश्तो’पासून सुरुवात करा.

आता राहिलेलं. पहिले दोन्ही अल्बम २०२३ चे आहेत, २०२४ चे नव्हेत. तुम्हाला त्याच वर्षात निघालेलेच हवे असतील तर माझं उत्तर चालणार नाही. मी तबल्याचा माणूस, गाण्यातही आधी तबलाच ऐकतो, तेही धरून चला. ‘धिस मोमेंट’ पहिल्यापासून क्रमानं ऐका. पहिला तुकडा ‘श्रीनीज ड्रीम’ श्रीनिवास यांच्याच आठवणीतला आहे. ‘मोहनम’ म्हणजे आपला भूप राग, तिथे लगेच घरी आल्यासारखं वाटेल. आणि फोनच्या स्पीकरवर लावू नका. बरे इअरफोन घ्या, नाहीतर डग्गा जातो.