स्टेजसाठी दुसरा कीबोर्ड घेताना

अरे, ८८ पट्ट्यांचा मोह आवर. यामाहाचा ८८ पट्ट्यांचा मोडएक्स ८ जवळपास १४ किलोचा, ६१ पट्ट्यांचा मोडएक्स ६ साडेसहाचा; टेम्पोतून उतरवून स्टेजवर चढवणार तूच. ऑर्केस्ट्राला ६१ पुरतात.

दुकानात हेडफोनवर भुलू नकोस. मंडळाचा साउंडवाला बहुतेकदा एकच वायर घेतो, म्हणजे मोनो (डावा-उजवा आवाज एकत्र), आणि तिथे काही स्टिरिओ पियानो पार पोकळ वाजतात. डाव्या आउटपुटला एकच केबल लावून स्पीकरवर ऐक. मग बासरीचा सूर धरून ठेव आणि तसाच स्ट्रिंग्जच्या (व्हायोलिनच्या ताफ्याच्या) आवाजावर जा. सूर मध्येच तुटला तर तो कीबोर्ड नको. ट्रान्सपोजचं (सगळे सूर वर-खाली सरकवण्याचं) बटण न बघता सापडायला हवं, कारण गायक ऐनवेळी काळी दोनची काळी एक करतात! जुन्या कीबोर्डवर बनवलेले टोन (आवाज) दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर जात नाहीत, ते नव्याने बांधायला वेळ ठेव. आणि अ‍ॅडॅप्टर दोन घे.