पट्टी सरकत नाही, फिरते

प्रश्न: रेघा मारायला आणि कटरने कापायला एकच न सरकणारी पट्टी घरी बनवता येईल का? मी मागे रबर चिकटवलं, तरी सरकतेच. काय चुकतंय?

"रबर चिकटवलं, तरी सरकतेच" हे वाचलं आणि माझा डावा अंगठा आपोआप मुठीत गेला. एरवी मी इथे नुसतं वाचतो, पण यावर लिहायलाच हवं.

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. आमचं म्हणजे काकाचं. 2012 च्या एप्रिलमधली गोष्ट. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं ब्लॅक बुकं, म्हणजे काळ्या कव्हरचे प्रोजेक्ट रिपोर्ट, घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलेली, सकाळी सबमिशन. रात्रीचे साडेदहा वाजलेले आणि पंचवीसेक कव्हरं बाकी. पुठ्ठे मशीनवर कापून झाले होते, पण रेक्झिन आम्ही टेबलावर पसरून पट्टी-कटरनेच कापतो. खरं तर ते उलटं टाकून कापायचं, कापडाची बाजू वर. घाईत मी तो कंटाळा केला. गुळगुळीत बाजू वर, त्यावर एक मिलिमीटर जाडीची फूटभर स्टीलची पट्टी, मधोमध माझा अंगठा. कटर वरच्या टोकाला टेकवून ओढला. पट्टीचं टोक डावीकडे वळलं, पातं पट्टीच्या कडेवरून वर चढलं आणि सरळ खाली अंगठ्यावर आलं. नखाचा कोपरा आणि त्याखालचं मांस गेलं. रेक्झिन काळं, त्यामुळे रक्त दिसलंच नाही. हाताला ओलं लागलं तेव्हा कळलं.

काका खळ लावत होता. मान वर न करता म्हणाला, "पट्टी सरकत नसते, माणूस सरकतो."

मग चार दिवसांनी वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडून त्याने लोखंडी पट्टी कापून आणली. फूटभर लांब, इंचभर रुंद, पाच मिलिमीटर जाड. "घे. पट्टीला वजन लागतं, मग ती हलत नाही." तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो हे ज्ञान देतो आणि पुराव्यादाखल माझा अंगठा दाखवतो.

तर हा वजनाचा मुद्दा आधी निकालात काढतो. त्या पट्टीचं वजन जेमतेम तीनशे ग्रॅम. आता घरचा किचनचा वजनकाटा घ्या, कापताना दाबता तसा पंजा त्यावर दाबा. माझ्या हाताने काटा अडीच ते तीन किलो दाखवतो. म्हणजे पकडीसाठी जो दाब लागतो त्यात पट्टीच्या वजनाचा वाटा दहावा हिस्सा. हे मी काकाला काट्यासकट दाखवलं. तो म्हणाला, "काट्यावर कापायचंय का आपल्याला?"

आता तुमचं काय चुकतंय ते. पट्टी सरकत नाही, फिरते. भिंतीवरचा फोटो एका खिळ्यावर टांगला की झाडूच्या धक्क्यानेही तिरका होतो, दोन खिळ्यांवर टांगला की होत नाही. मधोमध बोट दाबलंत की तो एक खिळा. कटर असतो टोकाला, म्हणजे खिळ्यापासून अर्धा फूट लांब. तिथे थोडा जरी आडवा रेटा बसला तरी पट्टी त्या बोटाभोवती फिरते. तुम्ही पूर्ण पाठीला रबर लावलं असणार आणि पट्टी पातळ असणार. पातळ पट्टी दाबाखाली वाकते, सगळा भार बोटाखालच्या दोन इंचांत जातो आणि टोकांचं रबर कागदावर नुसतं टेकलेलं राहतं. टोकांवर भारच नसेल तर तिथलं रबर काय कामाचं?

रबर जास्त लावलं की पकड जास्त, हाही गैरसमज. घर्षण वरून पडणाऱ्या भारावर ठरतं, क्षेत्रफळावर नाही, हे आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1699 मध्येच मांडलंय. रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही, कबूल, पण म्हणून पट्टीभर रबर फासून तो खिळा टोकाकडे जात नाही.

मी केलेली पट्टी सांगतो, सहा-सात वर्षं रोज वापरात आहे. फूटभर स्टीलची साधी पट्टी. स्टीलचीच, कारण ॲल्युमिनियमच्या कडेला कटर खाचा पाडतो आणि प्लॅस्टिकची कड तर चक्क कापली जाते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा अर्ध्या इंचाचा एल अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी, बसवायचा. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे याचे तुकडे पडलेलेच असतात. उभी बाजू कापायच्या कडेकडे, पण कडेपासून आठ-दहा मिलिमीटर आत. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून अरल्डाइट (दोन ट्यूबा मिसळून लावायचा गोंद) लावा आणि रात्रभर शिकंजात ठेवा. या एका अँगलने दोन कामं होतात. बोटं भिंतीमागे जातात, म्हणजे पातं चढलंच तरी आधी ॲल्युमिनियमला भेटतं. आणि पट्टी ताठ होते. ताठ झाली की मधोमध दाबलेला भार दोन्ही टोकांना जातो. मग रबर फक्त टोकांना लावायचं, दोन-दोन इंच, मधे काही नाही. एक बोट दाबलंत तरी खिळे दोन.

रबर कोणतं यात माझे दोन पावसाळे गेले. सायकलची ट्यूब: पकड झकास, पण पांढऱ्या माउंट बोर्डवर काळे डाग, आणि आतली पावडर धुतली नाही तर घसरगुंडीच. केकसाठीची सिलिकॉनची चटई: तिला साधा कुठलाच गोंद धरत नाही, मी तीन प्रकारचे वाया घालवले. दुहेरी टेप: मे महिन्यात दुकानाचा पत्रा तापला की पघळतो आणि रबर हळूहळू बाजूला सरकतं, आपल्याला वाटतं पट्टीच सरकतेय. शेवटी वागळेलाच गॅस्केटच्या दुकानात रबर मिसळलेला कॉर्क मिळाला, ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाखाली घालतात तो. दीड मिलिमीटरचा तुकडा घेऊन पॉलिश पेपरवर घासून एकपर्यंत आणला आणि फेविबॉन्ड या रबरी गोंदाने चिकटवला. डाग नाहीत, धूळही कमी धरतो. धरलीच तर ओल्या फडक्याने पुसा.

रेघेबद्दल विचारलंय तुम्ही. एकच पट्टी दोन्हीला चालेल का, तर चालेल, कड वेगळी ठेवा. कापायच्या कडेला कॉर्क अगदी जवळ आणा, दोनेक मिलिमीटर सोडून. रेघेच्या कडेला सात-आठ मिलिमीटर सोडा. ती कड कागदापासून उचललेली राहते, त्यामुळे शाईचं पेन वापरलंत तरी शाई खाली ओढली जात नाही. पेन्सिलीचं उलटं होतं, टोक कडेखाली शिरतं आणि रेघ आत जाते, म्हणून पेन्सिल सगळीकडे एकाच कोनात धरा. फक्त रेघाच मारायच्या असतील तर हा सगळा उपद्व्याप करू नका. केमिस्टकडून कागदी सर्जिकल टेप आणा, साध्या पट्टीच्या मागे दोन्ही टोकांना लावा, झालं. मळला की बदला.

आणि पातं बदला हो. निम्म्या लोकांची पट्टी पात्यामुळे फिरते. बोथट पातं म्हणजे जोर जास्त, जोर जास्त म्हणजे आडवा रेटा जास्त. तुकडे मोडायचं हे पातं 1956 मध्ये जपानमध्ये योशिओ ओकाडा याने काढलं. तोही आमच्यासारखाच, छापखान्यात कागद कापणारा. चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा पाहून त्याला ते सुचलं. त्याने एवढं डोकं लावलं आणि आपले लोक एक टोक वर्षभर वापरतात, कारण मोडायचा जीव होत नाही. जाड पुठ्ठा एका झटक्यात कापू नका, पहिला हात हलकाच, नुसती खाच पाडायला, मग त्याच खाचेतून दोनदा-तीनदा.

थोडं राहिलं. कॉर्कच्या जाडीमुळे मधे फट राहते, त्यामुळे पातळ कागद पात्याबरोबर उचलला जातो. ट्रेसिंग किंवा पतंगी कागदाला ही पट्टी नको, सर्जिकल टेपवालीच बरी. डावखुरे असाल तर अँगल उलटा बसवा. आणि हे सगळं फूटभर लांबीपुरतं. लांब पट्टीवर अर्ध्या इंचाचा अँगलही वाकतो.

लांबीचा विषय निघालाच आहे, तर एक कबूल करावं लागेल. ताठपणा तपासायला मी पट्टीच्या दोन्ही टोकांखाली एकेक नाणं ठेवून मधोमध अंगठा दाबतो. साधी एक मिलिमीटरची पट्टी लगेच टेबलाला टेकते. एकदा गंमत म्हणून काकाची लोखंडी पट्टी तशी ठेवली. दोन्ही अंगठ्यांनी दाबली, ढिम्म हलली नाही. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, पाचपट जाडी म्हणजे एकशे पंचवीसपट ताठ. म्हणजे ती पट्टी खरंच कमी फिरत होती. काका बरोबर होता, फक्त कारण चुकीचं सांगत होता, वजन त्या जाडीबरोबर फुकट आलेलं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. नंतर त्याने तशीच तीन फुटी करून घेतली, ती कोपऱ्यात उभी असते. अल्बमचं मोठं रेक्झिन आलं की मीही तीच घेतो, पण काका जेवायला घरी गेल्यावर.