आधी डिंगी, मग यॉट

तुम्ही विचारलंत: वय ३४, राहणं पुण्यात, पोहणं फक्त स्विमिंग पूलमध्ये. शिडाची बोट शिकायला थेट इंग्लंडला जाऊन यॉटवरचा पाच दिवसांचा डे स्किपर (म्हणजे बोटीचा कप्तान होण्याचा) कोर्स करावा, की आधी मुंबईत काही शिकावं?

वयाची काळजी सोडा. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

डे स्किपरची घाई मात्र नको. आरवायए (ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन) या संस्थेच्या या कोर्सला येणाऱ्याने आधीच पाच दिवस बोटीवर, १०० सागरी मैल आणि रात्रीचे चार तास घालवलेले असावेत अशी अपेक्षा असते. नवख्यांसाठी कॉम्पिटंट क्रू आहे, तोही पाच दिवसांचा. पण माझं ठाम मत विचाराल तर त्याच्याही आधी डिंगी, म्हणजे छोटी, उघडी शिडाची बोट शिका. आरवायएच्या पद्धतीत लेव्हल १ आणि लेव्हल २ साधारण दोन-दोन दिवसांच्या असतात. दोन शनिवार-रविवारांत होतात.

कारण सांगतो. यॉट काही टनांची असते. तुमची चूक तिला कळायला वेळ लागतो, आणि तोवर शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने ती सुधारलेली असते. डिंगी लगेच बोलते. टिलर (सुकाणूचा दांडा) चार बोटं उजवीकडे ढकललात की नाक डावीकडे वळतं. वारा येतो त्या दिशेच्या फार जवळ नाक नेलंत, म्हणजे साधारण ४५ अंशांच्या आत, की शिडाची पुढची कड आधी थरथरते, मग सगळं शीड फडफडतं आणि बोट जागच्या जागी थांबते. ती थरथर गालावरच्या वाऱ्याशी जोडता आली, की पुढे कुठलीही बोट हातात द्या.

दुसरं कारण बोट उलटण्याचं. मी अकरा वर्षांपूर्वी जिथे शिकलो तिथे उलटलेली बोट सरळ करण्याचा सराव 'वेळ नाही' म्हणून गाळला. त्याच सीझनला गेटवेसमोर, मांडव्याच्या लाँचची लाट आली आणि आमची डिंगी आडवी झाली. मी सेंटरबोर्डवर (बोटीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर) उभा राहून तिला सरळ केली, पण मेनशीट, म्हणजे मोठं शीड ताणून धरणारा दोर, क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकलेलाच होता. शिडाने लगेच वारा धरला आणि ती दुसऱ्या बाजूला, थेट माझ्या जोडीदारावर कोसळली. तो शिडाखालून वर येईपर्यंतचे काही क्षण मी अजून विसरलेलो नाही. त्याला काही झालं नाही. आधी जोडीदाराला हाक मारायची, मग दोर मोकळा करायचा, मगच बोट उभी करायची, हे मला तेव्हा कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून फी विचारण्याआधी हे विचारा: बोट उलटवून सरळ करायला लावता का? एका बोटीत किती शिकाऊ? सुरक्षा बोट सतत पाण्यात असते का? उत्तरं गोलमोल आली तर पैसे भरू नका. लाइफजॅकेट घालूनच शिकायचं असतं, त्यामुळे पोहणं तुमच्याइतकं पुरेल. फक्त खोल पाण्याची भीती आधी घालवून या.

मुंबईचा सीझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद. इथे शिकण्याचा मोठा फायदा म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही शिकवतात. शाळेत पाठ केलेले मतलई आणि खारे वारे इथे अंगाला लागतात: सकाळी जमिनीवरून हलका वारा, दुपारी समुद्रावरून जोरकस. दोघांच्या मध्ये वारा पडतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक असतो, आणि नेमका वारा पडलेला असताना ओहोट लागली तर बोट गुपचूप दक्षिणेला, बंदराच्या तोंडाकडे सरकू लागते. पहिले दिवस शक्यतो भांगाच्या भरतीचे (अष्टमीच्या आसपासचे) निवडा, पाण्याची ओढ कमी असते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. दोन्ही लेव्हल झाल्यावर लगेच पुढच्या कोर्सला पैसे घालू नका. एक अख्खा सीझन पंधरवड्यातून एकदा तरी पुण्याहून या, क्लबातल्या कुणाच्या तरी बोटीवर क्रू म्हणून बसा, शर्यतीत दोर ओढा. यॉटवरचा कोर्स पुढच्या वर्षी. तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक इथे टाका, कुठला शनिवार बरा ते मी पाहून सांगतो.