बायकांच्या सायकल शर्यतीचं अंतर कमी असतं, मग बक्षीस सारखं का मागायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मुलीला रोड रेसिंगमध्ये पुढे जायचंय तर त्यात करिअर आहे का, आणि अंतर कमी असताना पुरुषांइतकं बक्षीस मागणं बरोबर आहे का. करिअरचं शेवटी सांगते. दुसरं मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडून ऐकलंय की आधी तेच निकालात काढते.

अंतर बायकांनी कमी करून घेतलेलं नाही, ते त्यांना ठरवून दिलेलं आहे. यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या, नियमांतच बायकांच्या शर्यतीची कमाल लांबी पुरुषांपेक्षा कमी आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रोड रेस २७३ किलोमीटरची होती, बायकांची १५८. त्याच ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायच्या शर्यतीला, मात्र दोघांना तोच ३२.४ किलोमीटरचा रस्ता दिला आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणजे आधी अंतर कापायचं आणि मग कापलेल्या अंतराकडे बोट दाखवून पैसेही कापायचे. ही लबाडी आहे.

आणि बक्षीस किलोमीटरवर मिळतं हे कुणी सांगितलं? पुरुषांच्या टूर द फ्रान्समध्ये टप्पा जिंकणाऱ्याला ११,००० युरो मिळतात, मग तो टप्पा दोनशे किलोमीटरचा असो नाहीतर तीस-पस्तीसची टाइम ट्रायल. तिथे कुणी मोजपट्टी काढत नाही.

आता मला हे एवढं का लागतं ते सांगते. मी क्लबकडून शर्यती खेळायचे. माझी ताकद लांब पल्ल्याची. स्प्रिंट मला कधी जमला नाही, पण तीन-चार तासांनी बाकीच्यांचे पाय जड व्हायला लागले की माझे चालायला लागायचे. एका शर्यतीसाठी मी अख्खा मोसम तयारी केली होती. घाट असलेला लूप, चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीच्या चढावर वेग वाढवायचा, चौथ्या फेरीत एकटीनं निघायचं, असं डोक्यात पक्कं होतं. सकाळी नंबर घ्यायला गेलो तर कळलं, मुलींच्या फेऱ्या दोनच. रस्ता ठरलेल्या वेळेत मोकळा करून द्यायचा होता, आणि तो वेळ आमच्यातून काढला होता. पुरुषांची एकही फेरी कमी झाली नव्हती. मी सरांकडे, म्हणजे आमच्या कोचकडे, गेले. सर म्हणाले, "बरंच झालं की. लवकर सुटाल."

शर्यत व्हायची तशीच झाली. दुसऱ्या आणि शेवटच्या चढावर मी जोर लावला, दोघी-तिघी सोबत आल्या, वर पोचेपर्यंत थोडी फट पडलीसुद्धा. पण सगळ्यांचे पाय ताजे होते. उतरून सपाटीला लागलो, समोरून वारा, आणि मागून पेलोटननं, म्हणजे मुख्य घोळक्यानं, आम्हाला सहज गिळलं. शेवटी घोळक्यानं स्प्रिंट. मी मधे कुठेतरी.

संध्याकाळी सगळ्यांसमोर सर म्हणाले, "मुलींच्या रेसमध्ये बघायला काही नसतं. शेवटपर्यंत गठ्ठ्यात यायचं आणि दोनशे मीटर पळायचं." मी म्हटलं, सर, चार फेऱ्या द्या, मग बघा गठ्ठा राहतो का. ते म्हणाले, "चार दिल्या असत्या तर निम्म्या पोहोचल्याच नसत्या." मग न पोहोचू देत! पुरुषांच्या पॅरिस-रूबे या दगडी रस्त्यांवरच्या शर्यतीतही दरवर्षी कितीतरी जण शेवटच्या वेलोड्रोमपर्यंत, म्हणजे सायकल ट्रॅकपर्यंत, पोहोचत नाहीत. तिथे त्याला शर्यतीची थोरवी म्हणतात.

ही गोष्ट सरांना शेवटपर्यंत पटली नाही, म्हणून इथे नीट लिहिते. अंतर कमी केलं की फक्त वेळ कमी होत नाही, शर्यतच दुसरी होते. थकवा साचायला वेळ मिळत नाही. वाऱ्यात एकटीपेक्षा पेलोटन कायमच वेगवान, आणि ते मोडायचं तर पाठलाग करणाऱ्यांचे पाय आधी रिकामे व्हावे लागतात. छोट्या, सपाट शर्यतीत ते होत नाही, मग स्प्रिंटर जिंकते आणि माझ्यासारख्या घरी जातात. त्यावर लोक म्हणतात, कंटाळवाणी आहे.

आणि अवघड रस्ता दिला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. २०१९ ची यॉर्कशरची वर्ल्ड चॅम्पियनशिप: आनेमिक फान व्ल्यूटन शंभराहून जास्त किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली. २०२१ मध्ये बायकांची पहिली पॅरिस-रूबे झाली, पुरुषांची १८९६ पासून चालू आहे. लिझी डाइग्ननने ऐंशीच्या वर किलोमीटर एकटीनं कापले, ओल्या दगडी रस्त्यांवरून, हँडलच्या टेपला हाताचं रक्त लागलेलं. तिला बक्षीस १,५३५ युरो. त्याच वर्षी पुरुषांत जिंकलेल्या कोलब्रेलीला ३०,०००. अंतर त्याचं दुपटीहून थोडं जास्त होतं, बक्षीस जवळपास वीसपट. किलोमीटरचाच हिशोब लावायचा म्हणता ना, तो इथे लावून दाखवा.

"हळूहळू होतंय की" हेही मला सांगू नका. १९८४ मध्ये पुरुषांच्या टूरबरोबर बायकांची १८ टप्प्यांची टूर झाली होती, मारियान मार्टिन जिंकली. ती काही वर्षांत बंद पडली. २०२२ मध्ये टूर द फ्रान्स फाम ही बायकांची टूर सुरू झाली तेव्हा टप्पे होते ८.

आता तुमच्या मुलीचं. करिअर आहे, पण अरुंद आहे. २०२० पासून यूसीआयच्या सर्वांत वरच्या महिला संघांना किमान पगार द्यावा लागतो. सुरुवात वर्षाला १५,००० युरोंपासून झाली, २०२३ पर्यंत तो दुपटीच्या वर गेला. खालच्या स्तरावरच्या कॉन्टिनेंटल संघांना मात्र अशी सक्ती नाही, आणि बहुतेक मुलींची सुरुवात तिथेच होते. शिक्षण सोडू देऊ नका. आना कीसेनहोफर गणितातली पीएचडी आहे, टोकियो ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये सुरुवातीलाच निसटली आणि कुठल्याही व्यावसायिक संघाचा करार नसताना सुवर्ण घेऊन गेली. पॅरिस ऑलिंपिकची रोड रेस जिंकलेली क्रिस्टन फॉकनर या खेळात २०१७ च्या सुमारास आली, तेव्हा ती गुंतवणूक क्षेत्रात नोकरी करत होती. उशीर होण्याची भीती नको.

एक मान्य करते: बक्षीस हा सगळा प्रश्न नाही. सायकलपटू पगारावर जगतात, बक्षीस तर संघात वाटलं जातं, आणि पैसा टीव्हीवर थेट प्रक्षेपण असलं की येतो. पुरुषांइतकंच अंतर हवं यावर खेळाडू बायकांमध्येही एकमत नाही, काहींना आधी पगार आणि संघाची सोय महत्त्वाची वाटते. मला अंतरच महत्त्वाचं वाटतं, का ते वर आलंय.

कोच निवडताना मात्र माझं ऐका. तिला लांब राइडला नेतो का ते बघा, आणि सरळ विचारा की मुलींच्या शर्यतीचं अंतर वाढवावं का. "मुलींना एवढं पुरे" म्हणाला तर त्याच दिवशी दुसरा शोधा. मी वेळेवर बदलू शकले नाही कारण आमच्याकडे दुसरा कोच नव्हता. तुमच्या मुलीला निवड आहे.