'अँटी-ह्यूमन' म्हणजे मानवविरोधी नव्हे

प्रश्न असा आहे: प्रयोगशाळेतल्या प्रतिपिंडाच्या (अँटीबॉडीच्या) एका कुपीवर 'प्युरिफाइड माउस अँटी-ह्यूमन सीडी१६, क्लोन ३जी८' असे छापलेले असते. त्याचे मराठी 'शुद्ध मूषक मानवविरोधी सीडी१६' असे केले तर चालेल का? आणि सीडी१६ ज्या प्रकारचा रेणू आहे त्या 'रिसेप्टर'ला ग्राही म्हणावे की ग्राहक?

नाही चालणार. इथे 'अँटी'च्या अलीकडे प्रतिपिंड कोणत्या प्राण्याचे ते लिहितात आणि पलीकडे ते कशाला चिकटते ते. 'ह्यूमन' हे सीडी१६चे विशेषण आहे, 'अँटी'चे कर्म नव्हे. माणसाशी कुणाचे वैर नाही; माणसाच्या पेशीवरच्या एका रेणूवर नेम धरलेला आहे, इतकेच. सरळ मराठी असे होईल: 'मानवी सीडी१६ ओळखणारे, उंदरापासून मिळवलेले प्रतिपिंड'. थोडक्यात हवे असेल तर 'मानवी सीडी१६विरुद्धचे'. नुसते 'सीडी१६चे प्रतिपिंड' म्हणू नये, कारण षष्ठीमुळे 'चे' मालकीचा की रोखाचा हे कळत नाही. 'प्रतिपिंड'मधला 'प्रति' मात्र अगदी नेमका आहे. संस्कृतात 'प्रति' म्हणजे 'विरुद्ध', आणि 'कडे'सुद्धा.

चुकीच्या अर्थाची किंमत भाषांतरापुरती राहत नाही. 'प्युरिफाइड' म्हणजे इथे रंगद्रव्य न जोडलेले. ते पेशीला चिकटले तरी फ्लो सायटोमीटरला, म्हणजे पेशींवरची चमक मोजणाऱ्या यंत्राला, दिसत नाही. त्यावर चिकटणारे, चमकणारे दुसरे प्रतिपिंड लागते, आणि पहिले उंदराचे असल्याने दुसरे 'अँटी-माउस' हवे. 'ह्यूमन' हे उगमाचे नाव समजून कुणी 'अँटी-ह्यूमन आयजीजी' (आयजीजी हा प्रतिपिंडांचा एक वर्ग) मागवले, तर ते माणसाच्या पेशींवर आधीच असलेल्या मानवी प्रतिपिंडांना जाऊन चिकटते. मग प्रतिपिंडे बनवणाऱ्या 'बी' पेशींपैकी काही उजळतात आणि ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्या सीडी१६ असलेल्या एनके पेशी (नैसर्गिक मारक पेशी) अंधारात राहतात. 'शुद्ध' या शब्दाचा आणखी एक चकवा: अशा कुपीत परिरक्षक म्हणून बहुधा ०.०९ टक्के सोडियम अ‍ॅझाइड असते. पेशी रंगवायला ते चालते, जिवंत पेशींच्या संवर्धनात ते विष ठरते. तिथे 'अ‍ॅझाइडविरहित' लिहिलेली कुपीच घ्यावी. म्हणून 'शुद्ध'ऐवजी 'रंगद्रव्याविना' असे भाषांतर करावे. लांब आहे, पण फसवत नाही.

'ग्राहक' नको, तो दुकानात गेला. 'ग्राही' ठीक आहे, आणि सीडी१६च्या बाबतीत शब्दशः खरा, कारण हा रेणू प्रतिपिंडाची शेपूट, म्हणजे एफसी भाग, पकडतो. गंमत अशी की आपण प्रतिपिंड पकडणाऱ्यालाच प्रतिपिंडाने पकडू पाहतो. त्यामुळे उंदराचे कुठलेही प्रतिपिंड थोडेफार शेपटाने अडकू शकते. ते ताडण्यासाठी त्याच वर्गाचे, ३जी८साठी आयजीजी१ कप्पा (हे ग्रीक अक्षराचे नाव), पण मानवी पेशीत लक्ष्यच नसलेले प्रतिपिंड वेगळ्या नळीत वापरतात. त्याला 'आयसोटाइप कंट्रोल' असेच म्हणावे. शेपटांची जागा आधी मानवी आयजीजीने भरून टाकण्याची रीतही आहे, पण इथे ती जपून: ३जी८ सीडी१६च्या आयजीजी धरण्याच्या जागेलाच अडवते, तेव्हा दोघांत चढाओढ लागून उजेड मंदावू शकतो. पेशी उत्तेजित झाल्या असतील तर निराळीच अडचण येते. अ‍ॅडम१७ हे विकर (एन्झाइम) सीडी१६ छाटून टाकते, मग उत्तम प्रतिपिंडालाही काही सापडत नाही.

'सीडी'चा उगम कमी लोकांना ठाऊक असतो. १९८२ साली पॅरिसच्या कार्यशाळेत एकाच प्रकारे पेशी रंगवणाऱ्या निरनिराळ्या क्लोनची, म्हणजे प्रत्येकी एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या पेशींची, प्रतिपिंडे एका गटात टाकली गेली, 'क्लस्टर' तो; 'सीडी' म्हणजे 'क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन'. म्हणजे क्रमांक मुळात प्रतिपिंडांच्या गटाचा, पुढे रेणूलाच लागला. एका क्रमांकाचे अनेक क्लोन असतात आणि ते रेणूच्या वेगवेगळ्या जागी बसतात, म्हणून '३जी८' गाळून नुसते 'सीडी१६' लिहिणे अपुरे.

क्लोनला 'कृत्तक' म्हणतात. छापताना अनुस्वार शिरून 'कृंतक' झाले की उंदीर-घुशींचा गण होतो. आणि प्रतिपिंड उंदराचेच असल्याने चूक कुणाच्या लक्षातही येत नाही! दोन्ही शब्द 'कापणे' या अर्थाच्या एकाच धातूचे. 'क्लोन'चा मूळ ग्रीक अर्थही डहाळी, म्हणजे कापून लावायची फांदी. तरी कुपीवरच्या मजकुरात 'क्लोन'च ठेवावे.

शेवटी, रंगद्रव्य जोडलेल्या कुपीवरचे '१०० टेस्ट'. ती शंभर माणसांची चाचणी नव्हे. एक 'टेस्ट' म्हणजे साधारण १० लाख पेशींना, १०० मायक्रोलिटर द्रवात, पुरेल एवढी मात्रा. कुठे ५ मायक्रोलिटर, कुठे २०. मराठीत 'मात्रा' लिहावे.