बुरशीला विषाणूची लागण होते का? झाली तर ती कमजोर पडते का?

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलंय, भुरीवर, म्हणजे द्राक्षवेलीवर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीवर, असा विषाणू सोडता येईल का.

लागण होते, अगदी सर्रास. बहुतेक वेळा बुरशीवर काहीच दिसत नाही. कधी मात्र ती खंगते. चेस्टनट झाडांच्या करपा रोगाच्या बुरशीत एक विषाणू शिरला की तिची रोग करण्याची ताकद घटते. युरोपात त्याचा वापर करून झाडं वाचवली आहेत.

पण 'विषाणू म्हणजे कमजोरी' हे समीकरण धरू नका. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या तापलेल्या जमिनीत एक गवत वाढतं. त्याच्या आत कर्व्ह्युलारिया बुरशी राहते आणि त्या बुरशीत एक विषाणू. तिघं एकत्र असतील तर गवत ६५ अंश सेल्सिअस तापलेली माती सोसतं. २००७ साली संशोधकांनी बुरशीतून विषाणू काढला, तर ती सहनशक्ती गेली. परत घातला, तर परत आली! मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ताणात कोण कोणाच्या आधाराने उभं आहे, हे वरून कळतच नाही.

आता भुरी. बुरशीचे विषाणू सहसा पेशीबाहेर फिरत नाहीत. दोन बुरशींचे तंतू जुळले किंवा बीजाणूंतून गेले तरच पसरतात. तंतू जुळायला त्या बुरशींचे वाणही एकमेकांशी जमावे लागतात. त्यामुळे फवारणीच्या टाकीत मिसळायचं औषध म्हणून याकडे आज बघू नका. आणि द्राक्षावरचा दुसरा रोग केवडा, म्हणजे डाउनी, ही तर खरी बुरशीच नाही, तिचं कूळ शेवाळांच्या जवळचं. ऑक्टोबर छाटणीनंतरचं तुमचं नेहमीचं फवारणीचं वेळापत्रक सोडू नका.