एका दिवसात तीन-चार माथ्यांचा गोल ट्रेक कसा आखायचा?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात मामाकडे जाणार, पाच जण, जानेवारीचा पहिला आठवडा, सकाळी गाड्या गावात लावायच्या, मागच्या पहाडाचे तीन-चार माथे घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूनं उतरून संध्याकाळी परत गाडीजवळ यायचं, आल्या वाटेनं परतायचं नाही. आणि विचारता काय, तर "कोणकोणते माथे घ्यावे आणि किती किलोमीटर धरावे". मी त्याच पट्ट्यातला, संत्र्याचं वावर पायथ्यालाच आहे, म्हणून सरळच सांगतो, माथे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी उतरायची वाट पक्की करा. ती पक्की झाली की माथे आपोआप ठरतात, आणि ती नसेल तर गोल फेरा करूच नका, गपचूप चढा, डबा खा, त्याच वाटेनं उतरा, त्यात काही कमीपणा नाही.

काहून म्हणतो ते ऐका. चढताना माणूस सहसा हरवत नाही, कारण पहाडाच्या सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यावरून खाली उतरणाऱ्या धारा, वर जाऊन एकमेकींना मिळतात, तुम्ही कोणतीही धरा, वर गेलं की माथाच लागतो. उतरताना उलटं होतं. एका धारेच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात, वरून सगळ्या सारख्याच दिसतात, पंधरा-वीस पावलं डावीकडे सरकलात की खाली पोचेपर्यंत दोन किलोमीटरचा फरक पडलेला असतो. आता साध्या ट्रेकला उतरायची वाट सकाळी पाहिलेली तरी असते. गोल फेऱ्यात ती अनोळखी, त्यात पाय थकलेले, पाणी संपत आलेलं, ऊन कलतीला आलेलं. सगळं अवघड काम दिवसाच्या शेवटी येतं आणि प्लॅन करताना लोक सगळी बुद्धी सकाळच्या चढावर खर्च करतात.

आपल्या सातपुड्याची आणखी एक खोड आहे. हा सगळा काळा दगड, लाव्हाचे थर एकावर एक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, त्यामुळे पहाड पायऱ्यापायऱ्यांचा झालाय: कडा, मग सपाटी, परत कडा, परत सपाटी. वर गेलं की सुळका-बिळका काही नाही, मैदानच असतं, ढोरं चरून राहिली असतात. "शिखर" कोणतं हे बरेचदा मोबाईल काढून पाहावं लागतं. म्हणजे माथा गाठणं ही इथं मोठी गोष्टच नाही, त्या सपाटीच्या काठावरून कडा नेमका कुठं तुटलाय, माणूस कुठून खाली जाऊ शकतो, ती जागा सापडणं ही मोठी गोष्ट. दक्षिणेकडची म्हणजे आपल्या मैदानाकडची बाजू तर एकदम अंगावर येते. याच पहाडावरच्या गाविलगडाचंच पाहा नं, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा दक्षिणेकडून सरळ घुसायला जागाच नव्हती, त्यांच्या स्टीव्हनसन नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीनं तोफा जंगलातून ओढत उत्तरेकडे नेल्या, कारण किल्ला बाकी पहाडाला जोडलेला आहे तो उत्तरेकडूनच, आणि मग १५ डिसेंबरला गड पडला.

तर आखायचं कसं. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या साईटवर भारतीय नागरिकाला लॉगिन करून फुकट मिळतात, तुमच्या भागाचा उतरवून घ्या. त्यावर उंचीच्या रेषा, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या, २० मीटरच्या अंतरानं असतात. रेषा जिथं एकमेकींना चिकटल्या तिथं कडा, जिथं फाकल्या तिथं सपाटी, हे सगळ्यांना माहीत असतं, पण एक लक्षात घ्या की दोन रेषांच्या मधे दहा-बारा मीटरचा सरळ कडा आरामात लपतो आणि नकाशावर त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या या पायऱ्यांच्या पहाडात हेच होतं. म्हणून नकाशावर "इथून उतरता येईल" दिसलं की तेवढ्यावर विश्वास नाही ठेवायचा. सॅटेलाईट फोटो पाहा, त्यातही उन्हाळ्यातला, कॉम्प्युटरवरच्या गुगल अर्थमधे जुन्या तारखांचे फोटो मागे नेऊन पाहता येतात, एप्रिल-मेच्या फोटोत सागाची पानं झडलेली असतात आणि ढोरांच्या वाटा पांढऱ्या रेघांसारख्या स्पष्ट दिसतात. पावसाळ्यानंतरच्या फोटोत सगळं हिरवंगार, काही कामाचं नाही.

वाट निवडताना सोंड निवडा, नाला नाही. हे दोनदा वाचा. वरून नाला लय सोपा वाटतो, झाडी कमी, सरळ खाली गावाकडे जातो, पाणीही मिळेल असं वाटतं, पण नालाही त्याच पायऱ्यांवरून पडतो आणि मधेच कोरडा धबधबा येतो, वीस-पंचवीस फुटाचा, खाली उडी मारता येत नाही आणि वरची घसरगुंडी परत चढता येत नाही. पोरं अडकतात ती बहुतेक अशीच.

आणि मग घरबसल्या नकाशा पाहून झाला की सगळ्यात कामाची गोष्ट करा, जी कोणी करत नाही. ट्रेकच्या आधी एक अर्धा दिवस काढा आणि तुम्ही जी उतरायची वाट ठरवली ती खालून चढून पाहा. पूर्ण नाही, वरच्या कड्यातून रस्ता आहे याची खात्री होईपर्यंत. तिथं मागे वळून फोटो काढा, ॲपवर तो बिंदू सेव्ह करा, मोठ्या दगडावर दगड ठेवा, काय करायचं ते करा. ट्रेकच्या दिवशी तुम्हाला वरून फक्त त्या बिंदूपर्यंत पोचायचंय, पुढचं पाहिलेलं आहे. मामा तिथलेच आहेत तर एखाद्या ढोरक्याला, म्हणजे ढोरं चारणाऱ्याला, सोबत घ्या, त्याला रोजी द्या, फुकटात नेऊ नका. फक्त वाट विचारताना "वर जायला रस्ता आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो नं, हे काय इथूनच" असंच येतं. "तुमची ढोरं कुठून उतरतात" असं विचारा. बकरी कुठूनही उतरते, तिच्यावर जाऊ नका, पण जिथून गाय-म्हैस उतरते तिथून पाठीवर बॅग घेतलेला माणूस नक्की उतरतो.

परवानगीचं आधीच सांगायला पाहिजे होतं, पण असो. तुमच्या मागचा सगळा पहाड सारखा नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ पासूनचा, देशातल्या अगदी पहिल्या नऊमधला, आणि त्याच्या हद्दीत आपल्या मनानं पायी फिरणं म्हणजे गुन्हा आहे, दंडबिंड सोडा, केस होते. वैराट मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण, ११७८ मीटर, ते नकाशावर पाहून तुमच्या मनात येणारच, पण ते प्रकल्पाच्या हद्दीतलं आहे, तो विचार सोडा. प्रादेशिक वनविभागाचा भाग असेल, गावकऱ्यांचं चराईचं रान असेल तर गोष्ट वेगळी, तरीही बीट गार्डला, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाला, आधी भेटून कुठून कुठं जाणार ते सांगा आणि तो नाही म्हणाला तर नाहीच. हद्द मोबाईलवरच्या नकाशावर पाहून ठरवू नका, त्यालाच विचारा. आणि तो एक गोष्ट फुकटात सांगतो जी कोणत्याच ॲपवर नाही, सध्या जंगली जनावर कुठं फिरून राहिलं ते.

आता वेळेचा हिशोब. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मधे एक अंदाज दिला होता, तो आजही चालतो, ताशी ५ किलोमीटर चाल आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला वरून एक तास. समजा तुमचा फेरा १४ किलोमीटरचा झाला आणि एकूण चढ ९०० मीटर. एकूण म्हणजे पहिल्या माथ्याचाच नाही, मधल्या खिंडीत उतरून परत चढता तेही सगळे मिळवायचे, इथंच लोक फसतात. तर चालण्याचे २ तास ४८ मिनिटं, चढाचा दीड तास, झाले ४ तास १८ मिनिटं. हा हिशोब ताज्या दमाच्या, सवयीच्या माणसाचा. तुम्ही पाच जण, त्यात दोन जण सवयीचे नसतीलच, पायाखाली गोटे, म्हणून दीडपट करा, साडेसहा तास. त्यात बसणं, जेवण, फोटो, चपलेचा अंगठा तुटणं यांचा सव्वा तास. पावणेआठ तास. सकाळी पावणेसातला निघालात तर अडीचला खाली. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या आत बुडतो आणि डोंगराच्या पोटात अंधार त्याच्याही आधी पडतो, म्हणजे तुमच्या हातात तीन तासांची शिल्लक राहते. तेवढी पाहिजेच. हिशोबात शिल्लक दोन तासांच्या खाली गेली तर एक माथा कापा, सकाळी लवकर निघू असं म्हणून भरपाई करू नका, पाच जणांत सकाळी लवकर कोणी निघत नसतं, माहीत आहे सगळ्यांना.

फेरा कोणत्या दिशेनं फिरवायचा हे लोक नाणं उडवून ठरवतात. साधा नियम, उभा अंगावरचा भाग चढायला घ्या आणि लांब, मवाळ सोंड उतरायला. मुरमाच्या उभ्या उतारावर थकलेला पाय बेअरिंगच्या गोळ्यांवर ठेवल्यासारखा सटकतो आणि टोंगळ्यांची (गुडघ्यांची) वाट लागते ती वेगळीच. त्यात सागाची वाळकी पानं पडायला लागली असतील तर खालचा दगडही दिसत नाही.

मधल्या प्रत्येक खिंडीत "इथून सुटायचं झालं तर कुठून" हे आधीच ठरवून कागदावर लिहा. कागदावरच, मोबाईल बंद पडतो. आणि इथं दिशा फार महत्त्वाची आहे. दक्षिणेकडचं पाणी इथल्या चंद्रभागा, शहानूर नद्या करत पूर्णा नदीला जातं, त्या बाजूनं उतरलात तर कधी ना कधी वावरं, पांधण (शेतातली गाडीवाट), गाव लागतं. उत्तरेकडचं पाणी सिपना-गाडगा नद्यांकडे, पुढे तापीला. त्या बाजूच्या सोंडेनं चुकून उतरलात तर तुम्ही मैदानाकडे नाही, मेळघाटाच्या पोटात चाललात, गावं लांब-लांब, नेटवर्क नाही आणि हद्दही ओलांडाल. म्हणून वर सपाटीवर दर अर्ध्या तासानं एकानं उभं राहून मैदान कोणत्या हाताला आहे ते पाहायचं. धुकं असलं तर होकायंत्र, मोबाईलमधलंही चालतं. तसंच एक वेळ ठरवा, समजा बारा वाजेपर्यंत दुसऱ्या माथ्याच्या पुढे नसाल तर जवळच्या खिंडीतून सुटायचं, आणि हे आदल्या रात्रीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या, वर गेल्यावर "एवढं आलोच आहोत तर" सुरू होतं.

जानेवारी निवडला ते छान केलं. दिवाळीनंतर लगेच गेलं की गवत डोक्याएवढं, वाट दिसत नाही आणि कुसळं मोज्यात घुसून हैराण करतात, जानेवारीपर्यंत बरंच चरून, कापून मोकळं होतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा सीझन सुरू होतो, वनखातं आत सोडायला कुरकुर करतं आणि बरोबरच करतं. मार्च-एप्रिलमधे मोहाच्या फुलांवर अस्वलं येतात, आणि ऊन तर बम असतंच. तुमच्या दिवशीही अस्वल भेटू शकतं, म्हणून वळणावर, झुडपाच्या दाट जागी गप्पा मारत चाला, अचानक समोर आलो तरच ते बिथरतं. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर खाली विडी-सिगरेट नाही, आरडाओरडा नाही, सेंट मारून जाणाऱ्या मित्राला सकाळीच आंघोळ घाला. चूल पेटवायची तर अजिबात नाही.

पाणी माणशी तीन लिटर, वरच्या झिऱ्यांच्या भरवशावर राहू नका, जानेवारीत अर्धे आटलेले असतात. खायला भाकर, ठेचा, गूळ-शेंगदाणे, मामाकडून चार संत्री, झालं. बिस्किटांचे पुडे कशाला नेता? दोघांकडे तरी टॉर्च, मोबाईलचा नाही, खरा टॉर्च. बूट जुनेच घाला. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून जीपीएस चालतं, नकाशा आधी ऑफलाईन करून घ्या, आणि पाचही जणांनी एकाच वेळी ट्रॅक रेकॉर्ड करून पाचही बॅटऱ्या संपवू नका. पाचात सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या नंबरवर, सगळ्यात तगडा शेवटी.

मामाला कागदाची एक कॉपी द्या, त्यावर वाट, सुटायच्या खिंडी आणि "पाच वाजेपर्यंत फोन नाही आला तर बीट गार्डला आणि ११२ ला फोन करा" असं स्पष्ट लिहा. खाली आल्यावर आधी मामाला फोन, मग चहा, नाहीतर तुम्ही फाट्यावर समोसे खाऊन राहाल आणि तिकडे अर्धं गाव काठ्या घेऊन पहाडावर निघालेलं असेल. गावाचं नाव आणि ठरवलेल्या वाटेचा स्क्रीनशॉट इथंच टाका, ओळखीची असली तर उतार कुठं तुटतो ते सांगतो.